ईबेचा लिलाव: नियम एक नंबर, घड्याळ मात्र बेकार

आधीच सांगून टाकते, ईबे या ऑनलाइन खरेदी-विक्रीच्या साइटवरच्या लिलावाला मी पाचपैकी साडेतीन तारे देते. जो दीड तारा कापलाय त्यातला एक अख्खा घड्याळासाठी, म्हणजे लिलाव ठरलेल्या सेकंदाला खाडकन बंद होतो त्यासाठी, आणि उरलेला अर्धा फीडबॅकसाठी. माल, पॅकिंग, डिलिव्हरी यावर काही बोलणार नाहीये कारण माल ईबेचा नसतोच, तो कुणा तिसऱ्याच माणसाचा असतो. ईबे विकतं ते नियम. बोली कशी लावायची, जिंकलो तर किती द्यायचे, वेळ कधी संपणार, सौदा झाल्यावर कोण कुणाला काय शेरा मारू शकतो, हे सगळं कुणीतरी डोकं लावून ठरवलेलं असतं आणि आपण वापरतो ते तेच.

१९९५ मध्ये पिएर ओमिद्यारने ऑक्शनवेब या नावाने हे सुरू केलं, तेव्हा त्याने सगळ्यात आधी विकलेली वस्तू म्हणून ज्याची गोष्ट सांगतात तो होता एक बिघडलेला लेझर पॉइंटर, १४.८३ डॉलरला गेला. पुढे धंदा वाढला तसं अर्थशास्त्रवाल्यांना आणि इन्फर्मेशन सिस्टिम्सवाल्यांना घबाडच मिळालं. आधी लिलावाचा अभ्यास म्हणजे एकतर कागदावरची गणितं नाहीतर लॅबमध्ये विद्यार्थी बसवून खोटे पैसे वाटायचे. इथे लाखो खरे लिलाव, खरे पैसे, प्रत्येक बोली कितीला लावली कधी लावली सगळं उघड्यावर. मी जुन्या फाउंटन पेनांच्या नादाने या साइटवर आले आणि मग "हे असं का होतं" म्हणत एकेक संशोधनाचा पेपर वाचत गेले, आता घरात पेनांपेक्षा पेपरांची गर्दी जास्त आहे. त्यामुळे हा रिव्ह्यू थोडा त्या चष्म्यातून आहे, सांभाळून घ्या.

चांगलं आधी. बोलीचा मूळ नियम खरंच सुंदर आहे. तुम्ही तुमची जास्तीत जास्त रक्कम एकदाच टाकायची आणि सिस्टिम तुमच्या वतीने लागेल तेवढीच बोली चढवत राहते. समजा तुम्ही ८० डॉलर टाकले आणि दुसऱ्या कुणाची मर्यादा ६० ची आहे, तर तुम्ही ८० देत नाही, ६१ देता, म्हणजे समोरच्याची मर्यादा अधिक एक टप्पा. त्या किमतीला टप्पा एक डॉलरचा असतो, किंमत वाढली की टप्पाही वाढतो. दोघांची मर्यादा सारखी निघाली तर ज्याने आधी टाकली तो जिंकला. म्हणजे किंमत ठरवतो हरणारा, तुम्ही नाही, आणि म्हणून खोटं बोलण्यात काहीच फायदा उरत नाही. कमी टाकलं तर परवडणारी वस्तू हातची जाईल, जास्त टाकलं तर नको त्या किमतीला गळ्यात पडेल, त्यापेक्षा जे मनात आहे ते टाकून मोकळं व्हा.

ही कल्पना विल्यम विक्रे यांनी १९६१ मध्ये गणिताने मांडली होती, बंद लिफाफ्यातल्या बोलीसाठी, जास्त बोलीवाला जिंकणार पण दुसऱ्या नंबरची किंमत देणार. १९९६ मध्ये त्यांना नोबेल जाहीर झालं आणि तीनच दिवसांत ते वारले, तेव्हा ईबे जेमतेम वर्षाचं होतं. पण गंमत म्हणजे डेव्हिड लकिंग-रायली या संशोधकाने जुने कागद उकरून दाखवलं की पोस्टाची तिकिटं जमवणारे लोक १८९३ पासूनच पत्राने बोली मागवून हाच नियम वापरत होते, कुठल्याही प्रोफेसरला न विचारता. छंदवाले लोक हुशार असतात हो, मी म्हणते म्हणून नाही.

नियम इतका सरळ असेल तर माणसाने काय करावं? पहिल्या दिवशी आपला आकडा टाकावा, जेवावं, झोपावं. पण असं कुणीच करत नाही. लिलावाच्या पानावर सहा दिवस शुकशुकाट असतो आणि शेवटच्या मिनिटात एकदम हाणामारी सुरू होते, याला स्नायपिंग म्हणतात, आणि इथेच तो घड्याळाचा विषय येतो ज्यावर मी बराच वेळ घालवणार आहे कारण सगळी मजा त्यातच आहे.

आल्विन रॉथ आणि अॅक्सेल ओकेनफेल्स यांचा २००२ चा पेपर या विषयात सगळ्यात गाजलेला. त्या काळात अॅमेझॉनही लिलाव चालवायचं, हे आता कुणाला आठवतही नाही. नियम जवळजवळ सेम, तीच आपोआप चढणारी बोली, फरक फक्त एक, की अॅमेझॉनवर शेवटच्या दहा मिनिटांत कुणी बोली लावली की वेळ आपोआप पुढे सरकायची आणि दहा मिनिटं कुणी काही बोललं नाही की मगच संपायचं, थोडक्यात आपलं एक वार दोन वार तीन वार. ईबेवर मात्र वेळ संपली की संपली. आता आकडे बघा. शेवटच्या पाच मिनिटांत शेवटची बोली आलीये असे लिलाव ईबेवर कॉम्प्युटरच्या बाबतीत ४० टक्के आणि अँटिक वस्तूंच्या बाबतीत ५९ टक्के, आणि अॅमेझॉनवर दोन्हीकडे सुमारे ३ टक्के. अजून भारी म्हणजे ईबेवर जितका मुरलेला बोलीवाला तितका तो उशिरा येतो आणि अॅमेझॉनवर उलटं. म्हणजे हा माणसांचा उतावळेपणा किंवा आळस नाहीये, हे घड्याळाने शिकवलेलं वागणं आहे. "सगळे जण वेगवेगळे असतात, साइटचे ग्राहक वेगळे असतील" अशी शंका कुणाला येऊ नये म्हणून त्यांनी डॅन अॅरिएलीबरोबर लॅबमध्येही तेच करून बघितलं, फक्त शेवटाचा नियम बदलला, बाकी सगळं सेम, आणि चित्र तेच आलं.

कारण काय तर दोन-तीन आहेत आणि सगळी पटण्यासारखी. एक म्हणजे बरेच लोक तो सुंदर नियम समजून घेतच नाहीत, ते थोडं थोडं चढवतात, कुणी वर गेला की परत टाकतात, अशा माणसासमोर लवकर आकडा उघडला की तुम्ही त्याला भांडायला आमंत्रण दिलं, शेवटच्या सेकंदाला आलात तर त्याला परत चढवायला वेळच नाही. दुसरं, अँटिकमध्ये जास्त स्नायपिंग का तर तिथे माहितीला किंमत आहे. जाणकार माणसाने बोली लावली हीच बातमी असते, की अरे याने लावली म्हणजे पेन खरं असणार, मग बाकीचे मागून येतात. म्हणून जाणकार गप्प बसतो. कॉम्प्युटरला जाणकार लागत नाही, मॉडेल नंबर सगळ्यांना दिसतो.

मला स्नायपिंग करणाऱ्यांचा राग नाही, मीही करते. माझा राग आहे तो नियमावर, कारण दुसऱ्या किमतीचा नियम आणायचा कशासाठी, तर लोकांनी डावपेच सोडून मनातलं सांगावं म्हणून, आणि त्याच्या शेजारी असं घड्याळ लावायचं की मनातलं सांगणारा मूर्ख ठरेल. एका हाताने दिलं आणि दुसऱ्याने काढून घेतलं. बरं त्यातून स्नायपरला तरी किती मिळतं? जेफ्री एली आणि तन्जिम हुसेन यांनी स्वतः डीव्हीडींवर बोली लावून बघितलं, कधी आधी कधी शेवटच्या क्षणी, तर उशिरा येण्यात फायदा निघाला खरा पण अगदी थोडा. एवढ्यासाठी लोक अलार्म लावून बसतात किंवा सॉफ्टवेअर विकत घेतात.

आणि नुकसान कुणाचं होतं तर नवख्याचं. ईबेच्याच डेटावर मॅथ्यू बॅकस आणि मंडळींनी काढलंय की जो नवा माणूस बराच वेळ आघाडीवर राहिला आणि शेवटी हरला, तो साइट सोडून जाण्याची शक्यता जास्त, आणि जितका जास्त वेळ आघाडीवर होता तितकी जास्त. स्वाभाविक आहे ना, सहा दिवस "तुमची बोली सगळ्यात वर आहे" असा मेसेज बघितला की ते पेन मनाने आपलं झालेलं असतं. हा माणूस गेला तो परत येत नाही. घड्याळामुळे ईबेचं स्वतःचंही गिऱ्हाईक जातंय आणि तरी ते बदलत नाहीत.

पण थांबा, म्हणजे वेळ वाढवणारं घड्याळ आपोआप चांगलं असंही नाही. पेनी ऑक्शन नावाचा प्रकार आठवतोय का, स्वूपो वगैरे? तिथेही प्रत्येक बोलीला वेळ वाढायची, पण प्रत्येक बोलीला पैसे पडायचे, हरलात तरी गेले. वस्तू दिसायची कवडीमोलाने जाताना आणि मागे शंभर जण आपापल्या बोलीचे पैसे भरून बसलेले, आता सोडलं तर आत्तापर्यंतचे वाया म्हणून अजून एक, अजून एक. नेड ऑगेनब्लिक यांनी स्वूपोचा डेटा बघितला तर कंपनीची सरासरी कमाई वस्तूच्या किमतीच्या १५० टक्क्यांच्या वर होती. २०११ मध्ये ती कंपनी बुडाली. म्हणजे तेच वाढणारं घड्याळ अॅमेझॉनवर शांतता आणतं आणि इथे गळफास होतं, सगळं यावर की बोली फुकट आहे की विकत. अशा साइटला मी शून्य तारे देते आणि शून्याच्या खाली देता येत नाही याचं वाईट वाटतं.

बरं आता पुढचा मुद्दा, लिलावात स्वस्त मिळतं का. सगळ्यांचा समज असतो की हो. यंग हान ली आणि उल्रिके माल्मेंडियर यांचा २०११ चा पेपर वाचून माझी झोप उडाली होती. त्यांनी एक बोर्ड गेम घेतला जो ईबेवर लिलावातही असायचा आणि त्याच वेळी त्याच साइटवर फिक्स किमतीलाही असायचा, तसाच नवा, १२९.९५ डॉलरला, कधीही क्लिक करा आणि घ्या. तरीही ४२ टक्के लिलाव त्या फिक्स किमतीच्या वर जाऊन संपले. शिपिंग धरलं तर ७३ टक्के! शेजारच्याच पानावर स्वस्त आहे हो. आता यावरून लोक लगेच म्हणतात की सगळे वेडे आहेत, पण तसं नाहीये आणि हाच भाग मला सगळ्यात आवडतो. वर जाणारे बोलीवाले होते फक्त १७ टक्के. मग ४२ टक्के लिलाव कसे बिघडले? कारण लिलाव निवडतोच सगळ्यात वर जाणाऱ्याला. शंभरात थोडेच लोक बहकलेले असले तरी जिंकणारे म्हणून तेच समोर येतात, लिलावाचं यंत्र त्यांना शोधूनच काढतं. शहाणे लोक हरतात आणि गुपचूप फिक्स किमतीला घेऊन निघून जातात, ते कुणाला दिसत नाहीत.

आणि दुसऱ्या बाजूला हेही खरं की सगळेच लुटले जातात असं नाही. रवी बापना, वोल्फगांग यांक आणि गलित श्मुएली यांनी एका स्नायपिंग टूलच्या डेटावरून हिशोब केला, कारण तिथे जिंकणाऱ्याची खरी मर्यादा कळते जी ईबे कधी उघड करत नाही, आणि त्यांच्या अंदाजाने २००३ या एका वर्षात घेणाऱ्यांना निदान ७.०५ अब्ज डॉलरचा फायदा झाला, फायदा म्हणजे द्यायची तयारी होती आणि द्यावे लागले यातला फरक. हे दोन्ही पेपर एकमेकांच्या विरोधात वाटतात पण नाहीत. दुकानात न मिळणारी वस्तू असेल तर लिलावात कमावता, शेजारी फिक्स किमतीला पडलेली वस्तू असेल तर गमावता. मी जुनं पेन लिलावातून घेते, शाईची बाटली कधीच नाही.

अजून एक भानगड म्हणजे शंका असलेल्या मालाची. जुनी नाणी, त्यांची अवस्था फोटोवरून नीट कळत नाही, आणि ज्याचा अंदाज सगळ्यात फुगलेला तोच जिंकणार, मग घरी आल्यावर कळतं की आपण जास्तच खूश झालो होतो. पॅट्रिक बजारी आणि अली होर्ताचसू यांनी ईबेवरच्या नाण्यांच्या लिलावात मोजलं की लोकांना हे कळतं. स्पर्धक एकाने वाढला की लोक आपली बोली सुमारे ३.२ टक्क्यांनी आवरतात. म्हणजे गर्दी बघून चेव चढायच्या ऐवजी सावध होतात. निदान नाणीवाले तरी. डीव्हीडीवाल्यांचं उलटं, यूरी सिमोनसन आणि अॅरिएली यांना दिसलं की ज्या लिलावावर आधीच खूप बोल्या आहेत तिथेच लोक गर्दी करतात, जरी त्या बोल्या फक्त सुरुवातीची किंमत कमी ठेवल्यामुळे आलेल्या असल्या तरी. तेच सामान शेजारी कमी गर्दीत पडलंय आणि तिकडे कुणी बघत नाही. म्हणून माझी सवय अशी की बोल्यांचा आकडा बघायचाच नाही, आणि लिलाव रिकामा दिसला की आधी तिकडे जायचं.

शिपिंगचं थोडक्यात. हुसेन आणि जॉन मॉर्गन यांनी सीडी आणि एक्सबॉक्सचे गेम विकून बघितले, एकदा सुरुवात ४ डॉलर आणि शिपिंग फुकट, एकदा सुरुवात १ सेंट आणि शिपिंग ३.९९. एकूण खर्च सेम, तरी दुसऱ्या प्रकारात जास्त पैसे आले कारण लोकांच्या डोळ्यासमोर बोली असते, शिपिंग कोपऱ्यात असतं. बरीच वर्षं विकणारे हे लावून धरत होते. २०११ मध्ये ईबेने शिपिंगवरही कमिशन घ्यायला सुरुवात केली तेव्हा त्या युक्तीतली एक कमाई तरी गेली, निदान कमिशन चुकवायची. हा बदल मला पूर्ण मान्य, त्यासाठी अर्धा तारा परत दिला होता, तो साडेतीनमध्ये धरलाय.

आता फीडबॅक. खरं सांगायचं तर अनोळखी माणसाला आधी पैसे पाठवायचे आणि मग तो माल पाठवतो का बघायचं, असला धंदा चाललाच नसता. जॉर्ज अॅकरलॉफ यांनी १९७० मध्येच सांगितलं होतं की घेणाऱ्याला चांगला वाईट ओळखता आला नाही तर चांगला माल बाजारातून पळून जातो. ईबेवर तो पळाला नाही, याचं बरंचसं श्रेय या फीडबॅकला जातं. पॉल रेझनिक, रिचर्ड झेकहाउझर आणि त्यांच्या सोबत्यांनी एक फार गोड प्रयोग केला, जुन्या पोस्टकार्डांचा खरा नावाजलेला विक्रेता धरला, त्याने आपल्या नावाने आणि नव्या कोऱ्या नावांनी सारखीच पोस्टकार्डं विकली, तर जुन्या नावाला लोक ८.१ टक्के जास्त द्यायला तयार होते. माणूस तोच, माल तोच, फक्त नावामागे इतिहास. आणि लुईस काब्राल आणि होर्ताचसू यांनी दाखवलं की पहिला वाईट शेरा पडला की विकणाऱ्याची विक्री जी आठवड्याला ५ टक्क्यांनी वाढत होती ती ८ टक्क्यांनी घटायला लागते. इतकी ताकद आहे त्यात.

मग अर्धा तारा का कापला? कारण सगळेच चांगले. रेझनिक आणि झेकहाउझर यांनी सुरुवातीच्या काळातला डेटा बघितला तेव्हा घेणाऱ्यांनी दिलेल्या शेऱ्यांपैकी ९९.१ टक्के चांगले होते. ९९.१! एवढी समाधानी माणसं लग्नातही नसतात. झालं होतं असं की दोन्ही बाजू एकमेकांना शेरे द्यायच्या, मी तुला वाईट दिलं की तू मला देणार, त्यापेक्षा गप्प बसलेलं बरं. गॅरी बोल्टन, बेन ग्राइनर आणि ओकेनफेल्स यांनी ही बदल्याची भीती नीट मोजली आणि ती कशी काढता येईल हेही सुचवलं. ईबेने आधी २००७ मध्ये वेगळे तारे आणले, वर्णन बरोबर होतं का, शिपिंग वेळेत झालं का वगैरे, ज्यात कुणी किती दिले हे विकणाऱ्याला कळत नाही, आणि २००८ मध्ये विकणाऱ्यांनी घेणाऱ्यांना वाईट शेरा द्यायचा हक्कच काढून टाकला. विकणारे खूप चिडले. मला वाटतं बरोबरच केलं, कारण घेणाऱ्याने पैसे भरले की त्याचं काम संपतं, पुढे विश्वास ठेवावा लागतो तो विकणाऱ्यावरच.

तरी आकडे अजून फुगलेलेच आहेत. क्रिस नॉस्को आणि स्टीव्हन टाडेलिस यांची आयडिया मला इतकी आवडली की तेव्हापासून मी तीच वापरते. ते म्हणाले शेरे मोजू नका, न दिलेले शेरे मोजा. म्हणजे चांगले शेरे भागिले एकूण सौदे, एकूण शेरे नाही. ज्याच्याकडून घेऊन लोक गप्प बसतात त्याच्याकडे काहीतरी कमी असतं, वाईट लिहायचा संकोच असतो पण चांगलंही लिहावंसं वाटत नाही. ईबेवर प्रयोग केला, सर्चमध्ये अशा हिशोबाने चांगले विकणारे वर आणले, तर घेणारे परत यायचं प्रमाण वाढलं. पण हा आकडा तुम्हाला पानावर कुठे दिसत नाही! दिसतो तो ९९.काहीतरी टक्के. तो लपलेला आकडा दाखवला तर माझा अर्धा तारा लगेच परत.

विकणाऱ्यांसाठी दोन ओळी कारण मी क्वचितच विकते. राखीव किंमत, म्हणजे ज्याच्या खाली विकायचंच नाही ती, किती ठेवावी यावर लोक रात्र रात्र विचार करतात. जेरेमी बुलो आणि पॉल क्लेम्पेरर यांनी १९९६ मध्ये सिद्ध केलं होतं की काही साध्या अटी धरल्या तर अगदी अचूक राखीव किंमत ठरवण्यापेक्षा एक बोलीवाला जास्त मिळवणं फायद्याचं. तेव्हा वेळ फोटो आणि वर्णनावर घालवा, निबवर ओरखडा असेल तर तोही दाखवा. ग्रेगरी लुईस यांनी ईबे मोटर्सवरच्या जुन्या गाड्यांचा डेटा बघून तेच म्हटलंय, उघडपणे दाखवलेली माहिती किमतीत उतरते.

आणि जाहिरातींचे लिलाव, गूगलवर सर्च केल्यावर वर दिसतात त्या, तो याच कुटुंबातला पण वाह्यात भाऊ. १९९८ मध्ये गोटू नावाच्या साइटवर जेवढी बोली तेवढे पैसे असा नियम होता, पुढे त्यात किमती करवतीच्या दातांसारख्या चढायच्या आणि धाडकन पडायच्या. मग २००२ मध्ये गूगलने खालच्या नंबरच्या बोलीवर किंमत ठरवायची पद्धत आणली, जी विक्रेसारखी दिसते पण बेंजामिन एडलमन, मायकल ओस्ट्रोव्स्की आणि मायकल श्वार्ट्झ यांनी २००७ मध्ये दाखवलं की नाही, तिथे मनातलं सांगणं फायद्याचं असेलच असं नाही. तो वेगळा रिव्ह्यू होईल.

असो. आज ईबे उघडलं तर लिलाव शोधावा लागतो, बहुतेक सगळं फिक्स किमतीला. लिरान एनाव आणि मंडळींनी याचा छडा लावला, एकच विकणारा एकच वस्तू कधी लिलावात कधी फिक्स किमतीला लावतो अशी उदाहरणं गोळा करून. त्यांचं म्हणणं, माल बदलला हे थोडंच कारण, मुख्य म्हणजे लोकांना आता वाट बघायची नाहीये, आणि किंमत शोधायला लिलावाची गरजही कमी झाली कारण तीच वस्तू दहा ठिकाणी दिसते. लिलाव उरला तो जुन्या, एकमेव, आणि आपल्याकडे काय आहे हे विकणाऱ्यालाच धड माहीत नसलेल्या वस्तूंसाठी. मला पटतं, पण घड्याळाने पळवलेल्या त्या नवख्यांचाही यात थोडा हात असणार असं मला वाटतं, हे माझं मत, पेपरमध्ये नाही.

याहूच्या लिलावात विकणाऱ्याला निवड असायची, ठरलेल्या वेळी बंद करायचं की बोली आली तर वाढवायचं. अमेरिकेतलं ते दुकान २००७ मध्ये बंद पडलं पण ही एक गोष्ट उचलण्यासारखी होती. कोड लिहायला काही फार लागत नाही, एक टिकबॉक्स.

तोवर मी लिलाव सोडून बेस्ट ऑफरकडे जास्त वळलीये, म्हणजे फिक्स किमतीवर घासाघीस. त्यातही एक मजेशीर पेपर आहे, बॅकस, टॉम ब्लेक आणि टाडेलिस यांचा. शंभरच्या पटीत किंमत लावणाऱ्यांना ऑफर ५ ते ८ टक्के कमी येतात, पण ६ ते ११ दिवस लवकर येतात आणि माल विकला जायची शक्यता ३ ते ५ टक्के जास्त. म्हणजे गोल आकडा लावणारा न बोलता सांगतोय की मला लवकर मोकळं व्हायचंय. त्यामुळे पेन २०० ला दिसलं की मी बिनधास्त खालची ऑफर टाकते, आणि १९७ ला दिसलं की हा माणूस हटणार नाही असं धरून सरळ पुढच्या पेनाकडे जाते.